गिधाड गेले आणि तोल गेला



गिधाडाचे नाव काढले की आपण नाक मुरडतो. पण या कुरूप पक्ष्याचे उपकार तो गेल्यावरच कळले. पूर्वी गावाबाहेर मेलेले ढोर टाकले की गिधाडांचा थवा थोड्याच वेळात हाडे तेवढी शिल्लक ठेवी. १९९० नंतर हे थवे दिसेनासे झाले. भारतातील पांढऱ्या पाठीच्या गिधाडांपैकी २००७ पर्यंत हजारात एखादेच उरले.

कारण २००४ साली उघडकीस आले. आजारी गुरांना देण्यात येणारे डायक्लोफेनॅक हे वेदनाशामक औषध मेलेल्या ढोराच्या मांसातून गिधाडाच्या पोटात जाई व त्याची मूत्रपिंडे निकामी होत. ढोरे तशीच सडू लागली, त्यांवर भटकी कुत्री पोसली आणि रेबीजचा धोका आपल्या दारी आला. औषध दिले गुराला, मेले गिधाड आणि भीती आपल्या मुलांना!

२००६ मध्ये गुरांसाठी या औषधावर बंदी आली. परंतु मादी वर्षाला एकच अंडे घालते. झालेली हानी लवकर भरून येत नाही.

कुराणात ‘मीजान’, म्हणजे तोल, हा शब्द येतो. तो तोल राखणे आपल्याही हाती आहे. पालकहो, माणसांसाठीचे डायक्लोफेनॅक गुराला कदापि देऊ नका. मेलोक्सिकॅम गिधाडांना अपाय करीत नाही, त्याविषयी गुरांच्या डॉक्टरांना विचारा. विद्यार्थ्यांनो, अल्लाहने निर्माण केलेला कोणताही जीव निरुपयोगी समजू नका.