आत आणि बाहेर : रॅन नावाचे एक प्रथिन

श्रोतेहो, पेशीची आकृती आपण शाळेत काढलेली आहे. बाहेर मोठे वर्तुळ, त्यात एक लहान वर्तुळ. मोठे ती पेशी, लहान ते तिचे केंद्रक, आणि केंद्रकात गुणसूत्रे. आकृती काही चूक नाही. पण तीत एक गोष्ट राहून जाते. त्या लहान वर्तुळाला दारे असतात. एकदोन नव्हेत, माणसाच्या एकेका पेशीत हजारो! आणि त्या दारांतून रात्रंदिवस ये-जा चालू असते.

ये-जा कसली म्हणाल? वंशाचा जवळजवळ सारा लेख, म्हणजे डीएनए, केंद्रकात जपून ठेवलेला असतो. प्रथिने मात्र तयार होतात केंद्रकाच्या बाहेर. तेव्हा लेखाच्या नकला बाहेर गेल्या पाहिजेत, आणि लेखाची देखभाल करणारी प्रथिने बाहेरून आत आली पाहिजेत. बारीकसारीक रेणू दारातून आपसूक सरकतात. मोठ्या प्रथिनांना मात्र वाहून नेणारा लागतो. आत नेणाऱ्याला इम्पोर्टिन म्हणतात, बाहेर आणणाऱ्याला एक्स्पोर्टिन. आपण त्यांना हमाल म्हणू.

आता प्रश्न असा की, या हमालाला ना डोळे, ना कान. मग दार ओलांडले, ओझे इथे उतरवायचे, हे त्याला समजावे कसे? याचे उत्तर म्हणजे रॅन.

रॅन हे लहानसे प्रथिन आहे. अवघ्या २१६ अमिनो आम्लांची साखळी. त्याच्या खाचेत जीटीपी नावाचा रेणू बसतो. या जीटीपीला फॉस्फेटचे तीन मणी असतात. त्यातला एक तुटला की उरतो तो जीडीपी, दोन मण्यांचा. तीन मणी धरलेले रॅन आणि दोन मणी धरलेले रॅन यांचा आकार वेगळा होतो. खरी गंमत पुढेच आहे. दोन मण्यांचा रेणू काढून तीन मण्यांचा बसवणारे प्रथिन, त्याचे नाव आरसीसी-१, हे गुणसूत्रांना चिकटलेले, म्हणजे केंद्रकाच्या आत. आणि मणी तोडायला लावणारे प्रथिन राहते बाहेर. म्हणून आत तीन मण्यांचे रॅन, तर बाहेर दोन मण्यांचे. आत शिरलेल्या इम्पोर्टिनला तीन मण्यांचे रॅन येऊन बिलगते, तशी त्याची पकड सुटते आणि ओझे उतरते. एक्स्पोर्टिनचे नेमके उलटे. तीन मण्यांचे रॅन सोबत असेल तरच ते ओझे घट्ट धरते, आणि बाहेर मणी तुटला की सोडून देते.

पण पेशीचे विभाजन सुरू झाले म्हणजे केंद्रकाचे आवरणच विरून जाते. भिंत नाही, दार नाही. मग रॅन बेकार झाले का? मुळीच नाही. आरसीसी-१ गुणसूत्रांना चिकटलेलेच असते. म्हणून गुणसूत्रांभोवती तीन मण्यांच्या रॅनची दाटी होते. तिथेच इम्पोर्टिनची पकड सुटते, आणि त्याने धरून ठेवलेली प्रथिने मोकळी होऊन गुणसूत्रे ओढणारे तंतू उभारू लागतात. जे रॅन एरवी ‘हे आत’ असे सांगत होते, तेच आता ‘गुणसूत्रे इथे आहेत’ असे सांगते. माणसाच्या ४६ गुणसूत्रांची वाटणी दोन्ही लेकी-पेशींत सारखी व्हायला हवी. ती बिघडली तर कुठे एक कमी, कुठे एक जास्त. आणि कर्करोगाच्या पेशींत असा घोटाळा पुष्कळदा आढळतो.

हे कळले कसे, तेही सांगतो. १९७८ साली ताकेहारू निशिमोतो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हॅमस्टर या उंदरासारख्या प्राण्याच्या पेशींचा एक वाण अभ्यासला. थोडी उष्णता वाढवली की त्या पेशींची गुणसूत्रे अवेळीच आखडत. दोष होता तो याच आरसीसी-१ मध्ये. १९९१ साली जर्मनीत हायडेलबर्ग येथे बिशॉफ आणि पॉन्स्टिंगल यांनी त्याचा रॅनशी असलेला संबंध दाखवला. १९९३ मध्ये अमेरिकेतल्या दोन प्रयोगशाळांनी सिद्ध केले की, रॅनवाचून केंद्रकात माल जात नाही. आणि १९९९ मध्ये, मणी तुटू नये असा बदल केलेले रॅन बेडकाच्या अंड्यांच्या अर्कात घातले, तर गुणसूत्रे नसतानाही तंतूंचे तारे उमटले!

इतके रॅन आणले कुठून? माणसाच्या शरीरातून काढून नव्हे. रॅनचा मानवी जनुक जिवाणूत बसवतात. जिवाणू वाढतात आणि ते प्रथिन तयार करतात. मग ते गाळून शुद्ध करून घेतात. याला पुनर्संयोजित प्रथिन म्हणतात. मधुमेहाच्या रोग्यांचे मानवी इन्सुलिन १९७८ साली याच रीतीने प्रथम तयार झाले आणि १९८२ पासून औषध म्हणून मिळू लागले.

पण एक फरक ध्यानात ठेवा. इन्सुलिन औषध आहे. रॅनची कुपी औषध नव्हे, ती प्रयोगशाळेतली वस्तू आहे. मात्र तिच्यामुळे मिळालेले ज्ञान औषधापर्यंत पोचते. काही कर्करोगांत पेशीची राखण करणारी प्रथिने केंद्रकाबाहेर काढली जातात. बाहेर नेणारा एक्स्पोर्टिनच अडवणारे एक औषध, सेलिनेक्सॉर, २०१९ साली अमेरिकेत मंजूर झाले. अस्थिमज्जेच्या एका कर्करोगावर ते देतात. तो रोग त्याने समूळ जातो असे नाही, त्रासही होतो. पण वाट उघडली, हे खरे.

शिक्षक बंधुभगिनींनो, हे सारे वर्गात खेळूनही दाखवता येईल. चार मुलांचे डोळे बांधा, हाती एकेक दप्तर द्या आणि त्यांना दाराबाहेर उभे करा. आत चौघे ‘रॅन’ ठेवा. दार ओलांडणाऱ्याच्या खांद्यावर रॅनने थाप मारली की दप्तर खाली. मग हाच खेळ मैदानात घ्या, जिथे भिंतच नाही. रॅन मात्र एका झाडाभोवती राहतील. दप्तरे कुठे पडतात ते मुलांनाच पाहू द्या, आणि कारणही त्यांनाच विचारा.