पाण्यात उरते आईची खूण

आपल्यातल्या काहीजणी किट घेऊन गावाचं पाणी तपासतात. क्लोरीन किती, नायट्रेट किती, ते नळीतल्या रंगावरून सांगतात. त्यातल्याच एकीने आम्हाला विचारलं, पाण्यात कोणता जीव राहतो हेही असं कळतं का हो? कळतं. पण त्यात एक मेख आहे, तीच आज सांगतो.

त्यासाठी जायचं अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यात. तिथे उत्तरेला तळीच तळी. त्यांत क्रेफिश नावाचा प्राणी असतो. आपल्या कोकणातल्या शेवंडाचा गोड्या पाण्यातला धाकटा भाऊ म्हणा, पण पुढे खेकड्यासारख्या नांग्या. यातली एक जात, रस्टी क्रेफिश, मूळची दक्षिणेकडच्या ओहायो नदीच्या खोऱ्यातली. पाठीच्या दोन्ही बाजूंना गंजाच्या रंगाचे डाग, म्हणून हे नाव. गळ टाकणाऱ्यांनी ती आमिष म्हणून बादलीतून आणली आणि उरलेली तळ्यात ओतली. तिने पाणवनस्पती फस्त केल्या आणि माशांच्या पिल्लांचा आसरा गेला. मादी शरद ऋतूत मिळालेलं नराचं बीज वसंतापर्यंत सांभाळते, मग 80 ते 575 अंडी घालते. म्हणजे नवं तळं व्यापायला एकटी मादीही पुरते!

आता तपासणी. प्राण्याची कात, विष्ठा, अंडी यांतून त्याचे जनुक, म्हणजे डीएनए, पाण्यात उतरतात. पाणी बारीक गाळणीतून गाळायचं आणि गाळणीवर राहिलेला डीएनए प्रयोगशाळेत ओळखायचा. क्रेफिशचं कवच कडक, त्यामुळे डीएनए थोडाच सुटतो. प्राणी कमी असले तर तपासणीत काहीच न सापडणंही शक्य असतं.

आणि मेख ही. या तपासणीत बहुधा पेशीतला असा डीएनए शोधतात जो फक्त आईकडून येतो. ट्राउट लेक नावाच्या तळ्यात रस्टीचा तिथे आधीपासून असलेल्या दुसऱ्या जातीशी संकर झाला. गावरान आणि जर्सीची कालवड कधी कधी नजरेला फसवते ना, तसंच या पिल्लांचं. शास्त्रज्ञांनी दोन्ही बाजूंचे जनुक तपासले, तेव्हा कळलं की पहिल्या पिढीतल्या बहुतेक संकरित पिल्लांची आई रस्टी होती आणि बाप दुसऱ्या जातीचा. आईची खूण पाहिली तर पिल्लू रस्टीच ठरतं! बापाकडचा वाटा दिसतच नाही. ही पिल्लं पुढे वीण वाढवतात, आणि जुनी जात कोणाच्या लक्षात न येता मिसळून संपत जाते.

म्हणून तिथे पाण्याची तपासणी ही पहिली चौकशी. आक्रमक जात आली का, एवढं ती लवकर सांगते. संकर आहे का हे जाणायला मात्र प्राणीच पकडावा लागतो आणि आईबाप दोघांकडचे जनुक पाहावे लागतात. आम्हाला यात एक गंमत वाटली: माणसांच्या कागदावर इतकी वर्षं बापाचंच नाव, आणि तळ्याच्या पाण्यात आईचंच!