पर्यवेक्षणाचे शिक्षण

मुंबईच्या नागपाड्यात १९३६ साली सर दोराबजी टाटा यांच्या नावाने समाजकार्याचे उच्च शिक्षण देणारी भारतातील पहिली संस्था निघाली. पुढे १९४४ साली तिला टाटा समाजविज्ञान संस्था हे नाव मिळाले. तिचे पहिले संचालक डॉ. क्लिफर्ड मॅन्सहार्ट यांनी आरंभी वर्ग भरविले ते नागपाडा नेबरहुड हाउसमध्ये, म्हणजे कष्टकऱ्यांच्या दाट वस्तीत. फळ्यावरचा धडा आणि गल्लीतले बिऱ्हाड यांत फारसे अंतर नव्हते. योगायोग असा की, त्याच वर्षी अमेरिकेत व्हर्जिनिया रॉबिन्सन यांचा समाजकार्यातील पर्यवेक्षणावरचा ग्रंथ प्रसिद्ध झाला.

पर्यवेक्षण म्हटले की हजेरीपट घेऊन उभा असलेला मुकादम डोळ्यांपुढे येतो. समाजकार्यातील पर्यवेक्षकही काम तपासतो. पण शिकविणे आणि खचणाऱ्याला धीर देणे हाही त्याच्या कामाचाच भाग असतो. समजा, क्षयरोग्याच्या घरी जाऊन आलेल्या विद्यार्थिनीने आपल्या नोंदीत लिहिले, ‘रुग्णाची पत्नी सहकार्य करीत नाही.’ घाईचा पर्यवेक्षक त्या वाक्याखाली तांबडी रेघ ओढील आणि काय करावे ते सांगून मोकळा होईल. जाणता पर्यवेक्षक विचारील, “त्या बाई नेमके काय म्हणाल्या? त्या वेळी हातात काय काम होते? नवरा ऐकत होता का?” विद्यार्थिनी पुन्हा त्या घरी जाते, तेव्हा तिला कळते की, बाई विड्या वळतात, इस्पितळाच्या रांगेत सकाळ गेली की त्या दिवसाची मजुरी बुडते. ‘असहकार’ हा शब्द नोंदीतून आपोआप गळतो. औषध वेळेवर मिळणे किंवा न मिळणे हे असे त्या तासाभराच्या संभाषणावर अवलंबून असते.

उत्तम मल्ल हा उत्तम वस्ताद असतोच असे नाही. तरीही काही वर्षे चांगले काम केलेल्या माणसाच्या हाती चार विद्यार्थी सोपवावेत आणि तो पर्यवेक्षक झाला असे समजावे, हा प्रघात अनेक ठिकाणी दिसतो. असा कार्यकर्ता बहुधा विद्यार्थ्याच्या हातातले प्रकरण स्वतःकडे ओढून घेतो. काम चोख होते. विद्यार्थी मात्र कोराच राहतो.

म्हणून पर्यवेक्षणाचे धडेही क्षेत्रकार्यातच गिरवले पाहिजेत. शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थ्याकडे एखाद-दुसरा स्वयंसेवक किंवा नवा विद्यार्थी सोपवावा. त्याच्या नोंदी त्याने वाचाव्यात, दर आठवड्याला त्याच्याशी बसून बोलावे आणि त्या संभाषणाचीही नोंद लिहून आपल्या पर्यवेक्षकापुढे ठेवावी. आपण किती बोललो, किती ऐकले, कोठे उत्तर देण्याची घाई केली, हे कागदावर उतरले की लपत नाही. प्रारंभी हे फार जड जाते, कारण कालपर्यंतच्या सोबत्याची चूक दाखविताना जीभ अडखळते.

अडचण आहे ती वेळेची. इस्पितळातील किंवा बालगृहातील कार्यकर्त्यांवर कामाचा बोजा आधीच मोठा असतो, आणि विद्यार्थ्यासाठी दिलेला तास बहुतेक संस्थांच्या कामाच्या हिशेबात धरलाच जात नाही. तो दवाखाना संपल्यावर, बाकावर बसून, घड्याळाकडे पाहत उरकला जातो.