उपग्रहांचे तेज व वर्ण : मोजमापाचा एक धडा
(खालापूर तालुक्यातील प्राथमिक शिक्षकांच्या संमेलनात दिलेले भाषण)



दूरच्या ग्रहांभोवती फिरणाऱ्या चंद्रांचे तेज व वर्ण शास्त्रज्ञ कसे मोजतात, याविषयी आज थोडे सांगावयाचे आहे. विषय आकाशातला असला, तरी त्याचे बीज आपल्या वर्गखोलीत रुजण्याजोगे आहे.

१६७१ साली पॅरिस येथे कॅसिनी या ज्योतिर्विदाला शनीचा एक चंद्र सापडला. त्यास आज आयापेटस म्हणतात. शनीभोवती त्याची एक फेरी सुमारे ७९ दिवसांत पुरी होते. नवल असे की, तो शनीच्या पश्चिमेस आला म्हणजे दिसे आणि पूर्वेस गेला म्हणजे दिसेनासा होई. कॅसिनीने ‘दिसला’ याप्रमाणेच ‘दिसला नाही’ हेही ध्यानी घेतले. त्यावरून त्याने अनुमान केले की, या चंद्राची एक बाजू उजळ व दुसरी काळी असावी. आणि आपल्या चंद्राप्रमाणे तोही आपल्या ग्रहाकडे सदैव एकच तोंड ठेवीत असल्यामुळे, एका फेरीत त्याच्या दोन्ही बाजू आळीपाळीने आपल्यासमोर येत असाव्यात. १७०५ साली अधिक चांगल्या दुर्बिणीतून पूर्वेकडील तो अंधुक ठिपका अखेर दिसला. १९८१ साली व्हॉयेजर-२ यानाने पाठविलेल्या छायाचित्रांत काळी व उजळ बाजू स्पष्ट दिसून आली.

तेजावरून आकार मात्र ठरत नाही. गुरूच्या कॅलिस्टो या चंद्राचा व्यास सुमारे ४,८०० किलोमीटर, तर युरोपाचा सुमारे ३,१००. तरीही पृथ्वीवरून युरोपाच अधिक तेजस्वी दिसतो. कारण त्याचे अंग उजळ बर्फाचे आहे, तर कॅलिस्टोचा पृष्ठभाग गडद द्रव्याने माखलेला आहे.

तेजाच्या मोजपट्टीला ‘प्रत’ म्हणतात. पाच प्रतींचा फरक म्हणजे तेजात शंभरपट फरक, हे प्रमाण १८५६ साली पॉगसन यांनी सुचविले. हेच पॉगसन १८६१ पासून मद्रास वेधशाळेचे प्रमुख होते. वर्ण मोजण्यासाठी निळ्या, पिवळ्या व तांबड्या काचांतून तोच चंद्र पाहून त्याचे तेज प्रत्येक वेळी मोजतात. गुरूच्या आयो या चंद्रावर गंधक आहे. ते निळा प्रकाश गिळते, म्हणून निळ्या काचेतून आयो मंद भासतो. आपल्या सह्याद्रीच्या माथ्यापलीकडे, जुन्नरच्या बाजूस गिरवली येथे पुण्याच्या ‘आयुका’ संस्थेची दोन मीटर व्यासाची दुर्बीण २००६ साली उभी राहिली. तिच्यावरही अशाच निरनिराळ्या रंगांच्या काचा लावून वेध घेण्याची सोय आहे.

आता शाळेकडे वळू. खडू, कोळसा व हळकुंडाची पूड उन्हात शेजारी शेजारी ठेवा. मुलांना प्रथम तांबड्या व मग निळ्या जिलेटिन कागदातून पाहावयास सांगा. तांबड्यातून हळद खडूइतकीच उजळ भासेल. निळ्यातून ती काळवंडेल. कोळसा दोन्हींतून काळाच राहील. आयो, युरोपा व आयापेटसची काळी बाजू यांचा पाठ तेथेच होऊन जाईल. पावसाळा सरल्यावर साधी द्विनेत्री दुर्बीण मिळाली, तर ती भिंतीवर टेकवून गुरूचे चंद्र दाखवावेत. कर्जत मार्गावरील वांगणी येथे मुंबईच्या खगोल मंडळाने वर्षानुवर्षे आकाशदर्शनाचे कार्यक्रम घेतले आहेत. आपल्या वाड्यावस्त्यांवरील काळोखही त्या कामी उपयोगी आहे.

प्रत्येक मुलाने तारीख, वेळ, आकाशाची स्थिती व काय दिसले, असे चार रकाने आखावेत. येथे शिक्षकाची खरी कसोटी आहे. एखाद्याने ‘चारपैकी दोनच चंद्र दिसले’ असे लिहिले, तर त्यास चूक म्हणू नये. उरलेले दोन गुरूच्या आड किंवा त्याच्या प्रकाशात लपलेले असू शकतात. त्याला आपण रागावलो, तर पुढच्या खेपेस तो शेजाऱ्याच्या वहीत पाहून ‘चार’ लिहील, आणि त्या दिवसापासून त्याचे पाहणे थांबेल. न दिसलेलेही प्रामाणिकपणे लिहिणारा विद्यार्थी आपल्या शाळेतून बाहेर पडावा, एवढी आपणांस विनंती करून मी माझे भाषण पुरे करतो.