निलाजरी कुणाला म्हणता?



आज एकाच शब्दावर बोलतो. निर्लज्ज. संस्कृतातला. वस्तीत आला की निलाजरा होतो, फारसीच्या वाटेनं आला की बेशरम. कोशात अर्थ सोपा : लाज नसलेला. पण कोश चावडीवर बसत नाही. तिथं हा शब्द कुणासाठी बाहेर काढतात ते बघा. आपला पोरगा इस्त्रीचा शर्ट घालून गेला, तर म्हणतात माजला. पोरगी मान वर करून गेली, की निलाजरी. त्याचा माज, हिची लाज. गुन्हा एकच, पायरी सोडली.

लाजेचं माप कपड्यात असतं म्हणणाऱ्याला त्रावणकोर दाखवा. तिथं नाडार बायांनी वरच्या जातींपुढं छाती झाकायची नाही, असा रिवाज होता. एकोणिसाव्या शतकात त्या छाती झाकू लागल्या, तर भर रस्त्यात त्यांचे कपडे फाडले. अंग झाकणारी उद्धट, फाडणारा मर्यादेचा राखणदार! १८५९ साली संस्थानाला झाकायची परवानगी द्यावी लागली. तीही कशी? वरच्या जातींच्या बायकांसारखं नेसायचं नाही, या अटीवर. त्या अटीनंच यांचं पोट उघडं पडलं.

आपल्याकडं डिसेंबर १९२७ मध्ये महाडला मनुस्मृती जाळली, तेव्हा बाबासाहेब बायांशी वेगळं बोलले. तुमच्या लुगड्यावरून, दागिन्यांवरून जात ओळखू येते, ती खूण टाका म्हणाले. लुगडं घोट्यापर्यंत आलं. शालीन झाल्या म्हणून कुण्या गावानं पाठ थोपटली?

कायद्याचंही तेच. बाईवर हात टाकला की पोलीस लिहितो, विनयभंग. हात त्याचा, भंगला हिचा विनय! मग कोर्टात वकील हिलाच विचारणार, मुळात होता का? इंग्रजांची १८६० ची दंडसंहिता गेली, जुलै २०२४ पासून नवी न्यायसंहिता आली. विनयभंग जागेवरच.

आता घरचं. मागच्या सभेत एक पोरगी माईक ओढून घेऊन बोलली. आपल्यातलाच एक गडी शेजारच्याला म्हणाला, लई निलाजरी आहे. नाव घेत नाही. तो इथंच बसलाय. मनूनं दिलेला दगड त्यानं आपल्याच बहिणीवर मारला. सभा संपली की त्यानं मला नको, तिला जाऊन भेटावं.