शिरेतून कॉन्ट्रास्ट घेताना : काय विचारायचं, काय सांगायचं

मी इंदूरमधल्या एका रुग्णालयात सीटी स्कॅन विभागात परिचारिका आहे. सीटीच्या वेळी हाताच्या शिरेतून एक औषध देतात, त्याला कॉन्ट्रास्ट म्हणतात. बरेच जण ‘डाय’ म्हणतात. त्यात आयोडीन असतं. ते क्ष-किरण अडवतं, म्हणून रक्तवाहिन्या आणि गाठी स्कॅनमध्ये उठून दिसतात.

औषध आत गेलं की अंगातून गरम लाट जाते, तोंडाला धातूसारखी चव येते, लघवी झाल्यासारखं वाटतं. हे थोड्याच वेळात ओसरतं. ही रिॲक्शन नव्हे, घाबरू नका.

खरी गंभीर रिॲक्शन विरळाच. जपानमधल्या तीन लाखांहून अधिक रुग्णांचा एक अभ्यास १९९० साली प्रसिद्ध झाला. जुन्या आयनिक औषधांनी गंभीर त्रास ०.२२ टक्के वेळा झाला होता, नॉन-आयनिक औषधांनी ०.०४ टक्के, म्हणजे दहा हजारांत चार. आज शिरेतून देताना नॉन-आयनिकच वापरतात.

पण ते चार कोण, हे आधी कळत नाही. ‘सिस्टर, टेस्ट डोस दिला ना?’ असं नातेवाईक हमखास विचारतात. टेस्ट डोसला काही झालं नाही, म्हणजे पूर्ण डोसला होणार नाही, असं नसतं. उलट, त्या थोड्याशा औषधानेही गंभीर रिॲक्शन येऊ शकते. त्यापेक्षा तुमची माहिती जास्त उपयोगी पडते. पूर्वी कॉन्ट्रास्टने त्रास झाला होता का? कोणत्या औषधाने? दमा आहे का? किडनीचा आजार आहे का? मधुमेहासाठी मेटफॉर्मिन घेता का? किडनी फारच कमजोर असेल, तर ती गोळी ४८ तास थांबवून, तपासणी करून मग पुन्हा सुरू करतात. मासे किंवा कोळंबी सोसत नाही, हेही जरूर सांगा. पण तेवढ्यावरून कॉन्ट्रास्ट नाकारायचं कारण नाही. ती ॲलर्जी माशांमधल्या प्रथिनांची असते, आयोडीनची नव्हे.

आपण मराठी माणसं कामानिमित्त कुठे कुठे राहतो. संमतीचा फॉर्म कधी कन्नडमध्ये येतो, कधी गुजरातीत, कधी इंग्रजीत. वाचता येत नसेल तर सही करण्याआधी कुणाकडून तरी समजून घ्या. हे प्रश्न त्याच कागदावर असतात.

औषध जात असताना सुईच्या जागी दुखलं, फुगलं, तर लगेच ओरडून सांगा. औषध शिरेबाहेर चाललेलं असू शकतं. आम्ही पंप थांबवतो, हात उंच ठेवतो, थंड शेक देतो.

आता माझ्या सहकाऱ्यांसाठी. नुसतं पित्त उठलं, खाज आली, तर लक्ष ठेवा. गरज वाटली तर ॲव्हिल पुरतं. पण श्वासाला घरघर, घशाला सूज, बीपी खाली आणि नाडी जलद, असं दिसलं तर ॲव्हिल आणि स्टेरॉइडच्या भरवशावर राहू नका. पहिलं औषध ॲड्रेनालिन : प्रौढाला १:१००० चं अर्धा मिली, मांडीच्या बाहेरच्या बाजूच्या स्नायूत. उतार नसेल तर पाच मिनिटांनी पुन्हा. सोबत ऑक्सिजन, पाय उंच, शिरेतून सलाईन, आणि मदतीला हाक. नाडी मंद असेल तर मात्र ती बहुधा भीतीने आलेली भोवळ असते. तिथे पाय उंच, सलाईन, आणि गरज पडली तर ॲट्रोपीन. म्हणून आधी नाडीवर बोट ठेवा. ॲड्रेनालिन कुलूपबंद कपाटात नको, हाताशी हवं. रोज ड्युटी सुरू होताना त्याची तारीख बघा.

गंभीर रिॲक्शन बहुतेक वेळा पहिल्या वीस मिनिटांतच येते. म्हणून स्कॅन झाल्यावर आम्ही अर्धा तास बसवतो आणि शिरेतली सुई तेवढा वेळ काढत नाही. ‘रिक्षा खाली उभी आहे’ म्हणून उठू नका. घरी गेल्यावर पुरळ उठलं, तर कळवा. आणि त्रास झालाच, तर औषधाचं नाव, तारीख आणि काय झालं ते फाईलवर लिहून घ्या. पुढच्या वेळी, कुठल्याही गावात, डॉक्टरांना त्यावरून दुसरं औषध निवडता येईल.