धणे उकरून बघू नका

आजचा विषय बागकाम. म्हणजे वरवर बागकाम, आत थोडं वेगळं.

मी पुण्यात भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहतो. बाल्कनी एवढीशी, सकाळचं ऊन तीन तास. गेल्या वर्षी हौसेने सात कुंड्या आणल्या आणि पहिल्या कुंडीत धणे पेरले. तीन दिवस काहीच दिसेना. चौथ्या दिवशी मी बोटाने माती उकरली, एक धणा काढून बघितला आणि परत पुरला. पाचव्या दिवशी दुसरा. काय करणार, सवयच तशी. ऑफिसमध्ये कोड डिप्लॉय केला की दोन मिनिटांत आम्ही डॅशबोर्ड उघडून बसतो.

शेवटी आजीला फोन केला. आजी नगर जिल्ह्यातली, आयुष्यभर शेतात राबलेली. ती म्हणाली, "अरे बाळा, धणे रगडून दोन फाका केल्यास का? आणि आठ-दहा दिवस तर लागतातच. रोज उकरलंस तर ते मोड कसा धरणार? आधी मूळ खाली जातं, मग पान वर येतं."

हे ऐकलं आणि मला माझा एक मित्र आठवला.

बीटेकची चार वर्षं आम्ही एकाच रूमवर होतो. मी ख्रिस्ती घरातच वाढलो, पण येशू खऱ्या अर्थाने माझा झाला तो शेवटच्या वर्षाला. आनंद इतका झाला की सगळा त्या मित्रावर ओतला. सकाळी सहाला व्हॉट्सॲपवर वचन, दुपारी व्हिडिओ, रात्री "विचार केलास का?" नोकरी लागली, शहरं बदलली, तरी माझं चालूच. एक दिवस तो म्हणाला, "भाई, तू माझ्याशी बोलतोयस की टार्गेट पूर्ण करतोयस?" त्यानंतर आठ महिने आमचं बोलणं बंद.

मी काय समजलो? त्याचं मन खडकाळ जमीन आहे! पेरणाऱ्याचा दाखला आपल्याला पाठ असतो ना. आपण लगेच समोरच्याची जमीन तपासायला लागतो. आपला हात कोणी तपासत नाही.

माझा हात तपासला कढीपत्त्याने. त्याची पानं पिवळी पडली. मला वाटलं पाणी कमी पडतंय, म्हणून अजून घातलं. पानं अजून पिवळी. नर्सरीवाले काका म्हणाले, "मुळं गुदमरलीत. मातीत हवाच राहिली नाही. वरची इंचभर माती सुकल्याशिवाय पाणी घालू नका." पाणी चांगलंच होतं हो. वचनही चांगलंच होतं. पण मी श्वास घ्यायला जागाच ठेवली नव्हती.

मार्कच्या चौथ्या अध्यायात येशूने एक छोटा दाखला सांगितलाय. माणूस बी टाकतो, रात्री झोपतो, सकाळी उठतो, आणि बी कसं वाढतं ते त्याला कळतही नाही. जमीन आपोआप पीक देते. तिथे मूळ ग्रीक शब्द आहे 'ऑटोमाटे'. आपला 'ऑटोमॅटिक' त्याच घराण्यातला! पौलही करिंथकरांना हेच लिहितो: त्याने लावलं, अपुल्लोसने पाणी घातलं, पण वाढ दिली देवाने.

आपल्याकडचंच उदाहरण घ्या. १८९३ साली नारायण वामन टिळक रेल्वेने राजनांदगावला चालले होते. डब्यात एक युरोपियन प्रवासी भेटला, कवितेवर गप्पा झाल्या, आणि त्याने टिळकांना नवा करार दिला. पुढे १८९५ साली टिळकांचा बाप्तिस्मा झाला. लक्ष्मीबाईंना आणखी पाच वर्षं लागली, १९०० पर्यंत. आज मंडळीत आपण टिळकांची गाणी गातो. त्या प्रवाशाचं नाव कोणी घेत नाही. त्याने बी दिलं आणि तो आपल्या वाटेने गेला.

मग काय, गप्प बसायचं? नाही. पेरलंच नाही तर उगवणार काय? रिकाम्या कुंडीला धीर म्हणत नाहीत. कोणी आपल्या आशेबद्दल विचारलं तर उत्तर तयार हवं, पण ते सौम्यतेने आणि आदराने द्यावं, असं पेत्र सांगतो.

मी मित्राला फोन केला. वचन नाही, फक्त "माझं चुकलं, सॉरी." तो हसला, "किती उशीर केलास!" मग काही महिन्यांनी त्याचे बाबा हॉस्पिटलमध्ये होते. मी डबा घेऊन जायचो, रात्री त्याच्याबरोबर बाकावर बसायचो. आमिष म्हणून नाही. मित्र आहे म्हणून. तिसऱ्या रात्री तो स्वतःच म्हणाला, "तू प्रार्थना करतोस ना? बाबांसाठी कर." मी दोनच वाक्यं बोललो. माझाच आवाज फुटत नव्हता.

बाबा बरे होऊन घरी आले. मित्राने विश्वास ठेवला का? अजून तरी नाही. मी रोज सकाळी त्याचं नाव घेऊन प्रार्थना करतो, आणि उकरून बघत नाही.

या आठवड्यात तुम्हाला एक काम. ज्याच्यावर तुम्ही जास्त पाणी ओतलंय असा एक माणूस आठवा. त्याला काही फॉरवर्ड करू नका. फोन करा, "कसा आहेस?" विचारा आणि ऐका. आणि ज्याच्याशी भीतीपोटी एकदाही बोलला नाहीत, त्याच्यापाशी एक बी टाका. मग निवांत झोपा. वाढवणारा जागा आहे.

हो, आणि कोथिंबीर उगवली बरं का! अकराव्या दिवशी. पुढच्या भागात भेटू. प्रभू तुमच्याबरोबर असो.